उसाने भरलेल्या ट्रॉलीचे चाक जॅकवर घेताना

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्याला कुठेही दिसणारे चित्र: ट्रॉली एका अंगावर कललेली, चार दगडांच्या चळतीवर जॅक, जॅकवर अॅक्सल, आणि कोणीतरी कंबरेपर्यंत ट्रॉलीखाली शिरून पाना फिरवतोय. बहुतेक वेळा चाक बदलले जाते आणि ट्रॅक्टर निघूनही जातो. त्यामुळे हे असेच करायचे असते, असा समज पक्का होत जातो. या चित्रात मुळात तीन चुका आहेत. जॅकखालची जमीन वजन पेलणारी नाही, जॅकशिवाय वजन धरायला दुसरे काही नाही आणि ट्रॉली पुढे-मागे सरकू नये याची सोय नाही. अपघात होतो तेव्हा बहुधा यांतल्या दोन चुका एकत्र आलेल्या असतात.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. चार चाकी ट्रॉलीत आठ टन ऊस आणि ट्रॉलीचे स्वतःचे दोन टन धरले, तर एका चाकावर सरासरी अडीच टन येतात. ऊस मागे जास्त भरला असेल तर मागच्या चाकावर तीन. दोन चाकी ट्रॉलीत ऊस कमी मावतो, पण चाकेही दोनच. सहा टन ऊस, दीड टन ट्रॉली, त्यातला एक टन ट्रॅक्टरच्या हुकावर गेला असे धरा, तरी एका चाकावर सव्वातीन टन उरतात. त्यात जॅक चाकाच्या बरोबर खाली लावता येत नाही, तो थोडा आत घ्यावा लागतो. दोन चाकांतले अंतर १७० सेंमी असेल आणि जॅक चाकापासून ३० सेंमी आत लावला, तर त्याच्यावर चाकापेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त वजन येते. म्हणजे सव्वातीनचे चार टन झाले. पाच टनी जॅक इथे कागदावर पुरतो, पण जुने सील आणि थोडी तिरकी जमीन असेल तर त्याच्याकडे काही शिल्लक उरत नाही. भरल्या ट्रॉलीला दहा टनी जॅक ही किमान गरज समजा. वीस टनी असेल तर उत्तम, फक्त तो उंचीला जास्त असतो आणि त्याची वेगळी अडचण आहे, ती पुढे येईल.

थांबायचे कुठे

पंक्चर झाल्याझाल्या जिथे आहोत तिथेच ब्रेक दाबायचा, हा पहिला मोह आवरायचा. चालण्याच्या वेगाने शे-दोनशे मीटर पुढे गेल्याने टायर-ट्यूब खराब होईल, ट्यूबखालची रबरी पट्टी (फ्लॅप) फाटेल, पण वळणावर, पुलावर किंवा चढाच्या तोंडाशी भरली ट्रॉली उचलण्यापेक्षा ते नुकसान परवडते. जागा सपाट हवी, टणक हवी आणि मागून येणाऱ्याला लांबून दिसणारी हवी. पेट्रोल पंपाचे आवार, गावातली मोकळी जागा, मुरूम टाकलेला रुंद खांदा यांतले काहीही चालेल. काळ्या मातीची साईडपट्टी नको. वरून वाळलेली दिसली तरी चार बोटे खाली ती ओलसर असते, विशेषतः शेजारच्या रानाला पाणी चालू असेल तर.

रस्त्याच्या उताराकडेही बघायचे. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डावे, म्हणजे कडेचे चाक बसले असेल तर ते उचलताना ट्रॉली सरळ होत जाते, हे बरे. पण उजवे चाक बसले असेल आणि ट्रॉली आधीच डावीकडे उतरत्या जागेवर असेल, तर उजवी बाजू उचलल्यावर अख्खा ऊस डावीकडे झुकतो. उसाचा भारा ट्रॉलीच्या कडेच्या फाळक्याच्या वर गेलेला असतो, वजन उंचावर असते, आणि मोळ्या एकदा सरकल्या की परत येत नाहीत. अशा वेळी दोन्ही चाके एका पातळीत येतील अशी जागा मिळेपर्यंत पुढे जा. उजवे चाक बदलणाऱ्याची पाठ वाहत्या रस्त्याकडे असते, म्हणून ट्रॉली शक्य तितकी आत, एखाद्या शेताच्या टणक फाट्यावर घेतलेली बरी.

रात्र असेल तर पुढची दहा मिनिटे इशाऱ्यावर खर्च करा. मागे पन्नास पावलांवर एक आणि शंभर पावलांवर एक अशा दोन खुणा हव्यात. चमकणारा त्रिकोण असेल तर तो, नसेल तर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवलेली कॅनसुद्धा चालते. बॅटरी घेऊन एक माणूस मागे उभा राहिला तर आणखी चांगले, मात्र त्याने ट्रॉलीच्या मागे न थांबता कडेला थांबायचे. रस्त्यावर दगड मांडणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मांडलेले दगड काम झाल्यावर तिथेच राहतात आणि तासाभराने एखादा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. दगड न मांडता भागत असेल तर मांडूच नका.

सोबत काय हवे

हंगाम सुरू होताना ही पेटी एकदा भरून ट्रॅक्टरवर ठेवली की चार-पाच महिने विचार करावा लागत नाही:

— दहा किंवा वीस टनी हायड्रॉलिक जॅक, बाटलीच्या आकाराचा, तेल न गळणारा
— जॅकखाली ४५ × ४५ सेंमीची, सात-आठ सेंमी जाडीची बाभळीची किंवा जुन्या रेल्वे स्लीपरची फळी
— साधारण ४५ सेंमी लांब, १० × १० सेंमी जाडीचे आठ ते दहा लाकडी ठोकळे, आणि फट भरायला दोन-तीन, पाच सेंमी जाडीच्या पट्ट्या
— चार लाकडी उट्या, म्हणजे चाक सरकू नये म्हणून लावायच्या पाचरी, तिरप्या कापलेल्या, निदान २० सेंमी उंच
— नटाच्या मापाचा व्हील पाना आणि ६० ते ७५ सेंमीचा पाइप
— पहार, तारेचा ब्रश, डिझेलची बाटली, हवेचा गेज, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी
— डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे

गॅरेजमधली अॅक्सलखाली टेकू द्यायची लोखंडी घोडी असेल तर ठोकळ्यांचे काम कमी होते, पण तिच्यावर तिची क्षमता लिहिलेली हवी. मोटारीसाठी बनवलेली दोन-तीन टनी घोडी भरल्या ट्रॉलीला लावू नका. विटा, जांभ्याचे चिरे आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर कुठल्याच परिस्थितीत नकोत. दाब एका बिंदूवर आला की ते आवाज न करता फुटतात. लाकूड तसे फसवत नाही. ते आधी करकरते, चिरते, दबते आणि हात बाजूला घ्यायला वेळ देते.

फळी एवढी मोठी का, तेही सांगायला हवे. जॅकचा तळ साधारण १२ × १२ सेंमीचा असतो, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. चार टन त्यावर आले की दर चौरस सेंटिमीटरला २८ किलो दाब पडतो. मातीच काय, उन्हात तापलेले डांबरसुद्धा एवढ्या दाबाखाली दबते. तेच वजन ४५ सेंमीच्या चौकोनी फळीवर पसरले तर दाब दोन किलोवर येतो. फळी पातळ असली तर मात्र ती मधे वाकते आणि हिशेब पुन्हा पहिल्या आकड्याकडे जातो.

ट्रॅक्टर सोडायचा नाही

भरली ट्रॉली जॅकवर घेताना ट्रॅक्टर हुकाला जोडलेलाच ठेवायचा. दोन चाकी ट्रॉलीचे एक चाक उचलले की ती दुसरे चाक, जॅक आणि हूक अशा तीनच बिंदूंवर उभी असते. हूक सोडला तर तिसरा पाय गेला. मागे भार जास्त असेल तर ट्रॅक्टरला जोडायचा दांडा वर उडतो, पुढे असेल तर खाली आपटतो. हुकाची पिन पूर्ण खाली गेली आहे आणि तिची क्लिप लावलेली आहे, हे हात लावून बघा. ट्रॉली ट्रॅक्टरच्या पक्क्या हुकाला असली पाहिजे. हायड्रॉलिकच्या लिफ्टला जोडलेली असेल तर इंजिन बंद झाल्यावर लिफ्ट हळूहळू खाली बसते आणि ट्रॉलीचे नाक सोबत नेते. दोन चाकी ट्रॉलीच्या दांड्याखाली ठोकळ्यांची एक चळत हवीच.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत, पुढची चाके सरळ. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. दोन्ही ब्रेक पेडल जोडून लॉक करायचे, इंजिन बंद करायचे आणि चावी चाक बदलणाऱ्याच्या खिशात ठेवायची. मदतनीस काही उचलायला ट्रॅक्टरवर चढतो आणि सवयीने चावी फिरवतो, असे होऊ शकते.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. जे चाक बदलायचे त्याच्या विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून आणि मागून अशा दोन्हीकडून उट्या ठोका. दोन ट्रॉल्या असतील तर दुसरीच्याही एका चाकाला. गोल दगड उटी म्हणून ठेवला तर चाक त्याला ढकलत नेते. तिरपी, चाकाला पुरती टेकणारी उटीच धरते. मागची ट्रॉली सोडून ठेवावी का, हा प्रश्न नेहमी येतो. सपाट जागी ती दोन्ही बाजूंनी उट्या लावून सोडली तरी चालते, पण तसे करायचे कारण सहसा नसते. जरासाही उतार असेल तर सोडायची नाही.

खरी अडचण उंचीची

जॅक, फळी, ठोकळे सगळे आहे, आणि तरी लोक दगडांची चळत का रचतात? कारण उंचीचे गणित आधी कोणी करत नाही. ट्रॉलीला सर्रास लागणारा ९.००-१६ मापाचा टायर घ्या. हवा भरलेली असताना अॅक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण ४२ सेंमीवर असतो. हवा गेली की तो २८ सेंमीच्या आसपास येतो, आणि अॅक्सलची खालची बाजू त्याहूनही चार-पाच सेंमी खाली, म्हणजे २३-२४ सेंमीवर. दहा टनी जॅकची बंद उंचीच २० ते २३ सेंमी असते, वीस टनीची साधारण २४. त्याखाली सात सेंमीची फळी घातली तर जॅक आत शिरतच नाही. मग लोक फळी काढून टाकतात, किंवा जॅकसाठी खड्डा खणतात. खणलेली जमीन न खणलेलीपेक्षा मऊ असते, एवढे लक्षात घेतले तरी त्याचा धोका कळतो.

सोपा उपाय असा. बसलेल्या चाकापुढे दोन-तीन फळ्या पायरीसारख्या ठेवायच्या, खालची लांब आणि वरची आखूड, आणि ट्रॅक्टर सावकाश पुढे घेऊन ते चाक त्यांवर चढवायचे. दहा-बारा सेंमी चढले की अॅक्सलखाली फळी आणि जॅक दोन्ही मावतात. गिअर, ब्रेक, उट्या हे सगळे त्यानंतर. आधी उट्या लावून मग चाक चढवायला निघाले तर त्या काढून पुन्हा लावाव्या लागतात, आणि घाईत एखादी राहून जाते.

दुसरी अडचण वर जाताना येते. बसलेले चाक जमिनीवरून सुटायला दोन-तीन सेंमी उचल पुरते, पण हवा भरलेली स्टेपनी आत घालायची तर अॅक्सल बसलेल्या अवस्थेपेक्षा १५-१६ सेंमी वर हवा. फळीवर चढवलेल्या चाकाने त्यातला बराच भाग आधीच मिळवून दिलेला असतो, कारण जुने चाक निघाल्यावर त्या फळ्या काढून टाकायच्या असतात. उरलेले अंतर जॅकच्या दट्ट्याने भागवायचे. त्याच्या आत फिरवून वर काढायचा स्क्रू असतो, तो वजन नसताना आधीच अॅक्सलला टेकेपर्यंत वर घ्या. दट्ट्याची पूर्ण उचल त्यानंतरही हाताशी राहते. तेवढ्यानेही उंची कमी पडली तर जॅकवर लोखंडी तुकडा ठेवायचा नाही. अॅक्सल ठोकळ्यांवर बसवा, जॅक सैल करा, त्याच्या फळीखाली दुसरी तेवढीच रुंद फळी घाला आणि पुन्हा उचला.

जॅक लावायची जागा आणि उचल

ट्रॉलीचा अॅक्सल सहसा भरीव चौकोनी लोखंडाचा असतो. जॅक त्याच्या खाली, पाट्यांच्या (अॅक्सलवरच्या पानांच्या स्प्रिंगच्या) आतल्या बाजूला, पण पाट्याला जितका लागून बसेल तितका. पाटा अॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर जॅक टेकवला तर आटे चेपतात आणि जॅक घसरतो. पाट्याखाली तर लावूच नका, पाटा वाकतो आणि जॅक तिरका होतो. टेकायच्या जागेवरचे ग्रीस आणि चिखल पुसून काढा. लोखंडावर लोखंड कोरडे असेल तर धरते, तेलकट असेल तर साबणासारखे सरकते.

ज्यांची ट्रॉली दुसऱ्या प्रकारची आहे, त्यांच्यासाठी एक अपवाद सांगून ठेवतो. अमेरिकेत पिकअपमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरचे अॅक्सल बहुधा पोकळ नळीचे असतात. तिथे अॅक्सलच्या मधोमध जॅक लावला तर नळी वाकते आणि चाकांची ठेवण बिघडते, म्हणून ते ट्रेलर चाकांच्या जवळ चासीच्या मुख्य बीमखाली उचलतात. ट्रेलर समतल करायला जे पाय दिलेले असतात ते चाक बदलण्यासाठी नसतात, तेही लक्षात ठेवावे. आपल्याकडची ट्रॉली जुन्या सामानातून बांधलेली असेल आणि अॅक्सल पोकळ आहे की भरीव याची खात्री नसेल, तर हातोडीने ठोकून बघा. आवाजावरून कळते.

आता नट. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव फेरा सैल करायचा, काढायचा नाही. हवेत लोंबणाऱ्या चाकावर पाइप घालून जोर लावला की ट्रॉली जॅकवर डुलते, आणि बरेचसे जॅक नेमके याच क्षणी निसटतात. नट गंजला असेल तर डिझेल टाकून दहा मिनिटे थांबा, हातोडीने चारी बाजूंनी ठोका. टायर लावलेल्या चाकाच्या नटावर गॅसची ज्योत धरू नका. टायरच्या आत रबर तापून वायू साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढलेली असली तरी हा धोका जात नाही. नट दोन माणसांनीही हलत नसेल तर आटे उलटे आहेत का बघा. जुन्या ट्रकच्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) बांधलेल्या काही ट्रॉल्यांत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात आणि नट ज्यावर बसतो त्या स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो.

रिंगचे चाक असेल, म्हणजे कडेला वेगळी लोखंडी लॉक रिंग असलेले, तर नटांना पाना लावण्याच्याही आधी व्हॉल्व्हची पिन काढून उरलेली हवा पूर्ण सोडून द्या. बसलेल्या टायरमध्येही थोडी हवा उरलेली असू शकते, आणि चालताना रिंग जागची हललेली असेल तर चाक सुटताना ती उडते. डिस्क दोन भागांची असेल तर तिचे भाग जोडणारे बोल्ट वेगळे आणि हबचे नट वेगळे असतात. हबचे नट मधल्या वर्तुळावर असतात, तेवढेच उघडायचे.

पंप मारायला सुरुवात करताना जॅक सरळ उभा आहे का, ते दोन बाजूंनी बघा. पाच-सहा पंप झाले की थांबा आणि पुन्हा बघा: फळी एका बाजूने दबते आहे का, जॅक झुकतो आहे का, उट्या घट्ट आहेत का, ऊस सरकल्याचा आवाज येतो आहे का. काहीही चुकीचे दिसले तर खाली उतरवून नव्याने लावायचे. तिरका झालेला जॅक हातोडीने ठोकून सरळ करू नका, तो लगेच निसटेल.

उचल होत असताना ठोकळे मागोमाग येत राहिले पाहिजेत. दोन ठोकळे आडवे, त्यावर काटकोनात आणखी दोन आडवे, अशी चौकटीसारखी चळत अॅक्सलखाली, जॅकच्या शेजारी आतल्या बाजूला रचत जा. अॅक्सल आणि वरच्या ठोकळ्यात दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त फट कधीच नको. जॅक सुटला तरी तेवढेच खाली येईल. ठोकळे सरकवताना हात कडेला धरायचा, ठोकळा आणि अॅक्सल यांच्या मधे बोटे घालायची नाहीत. नेमकी उंची मिळाली की जॅक किंचित सैल करून वजन चळतीवर बसू द्या आणि जॅक फक्त टेकलेला ठेवा. जॅकमधले तेल एका छोट्या सीलवर अडलेले असते, ते सील कधी सोडेल ते आधी कळत नाही. जॅक उचलण्यासाठी, धरण्यासाठी नाही. शेवटी स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवा. जुने चाक निघाल्यावर स्टेपनी बाहेर आणि जुने चाक तिच्या जागी.

या सगळ्यात कोणाचेही डोके किंवा छाती ट्रॉलीखाली जायचे कारण नाही. जॅक बाजूने हाताने सरकवता येतो, चळत बाजूने रचता येते. तरीही आत शिरावे लागत असेल, तर मांडणी चुकली आहे असे समजा.

पुढचे चाक आणि टर्नटेबल

चार चाकी ट्रॉलीचा पुढचा अॅक्सल टर्नटेबलवर वळतो. इंग्रजीत ज्याला ‘पाचवे चाक’ म्हणतात ते मुळात हेच: घोडागाडीच्या पुढच्या आसावर आडवी बसवलेली चकती. पुढचे चाक बदलताना दांडा सरळ रेषेत असायला हवा. दांडा वळलेला असेल तर पुढचा अॅक्सल तिरका उभा असतो, टेकू अरुंद होतो आणि एक बाजू उचलली की ट्रॉली कोपऱ्यावर झुकते. ट्रॅक्टर जोडलेला असण्याचा इथला फायदा हा की दांडा आपोआप फिरत नाही. जॅक अॅक्सललाच लावायचा. चासीचे पुढचे टोक उचलले तर टर्नटेबलच्या दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि सगळा ताण मधल्या किंगबोल्टवर येतो. जास्तीची चळत मात्र चासीच्या बीमखाली, टर्नटेबलच्या मागे, टेकवून ठेवा.

ऊस केव्हा उतरवावा

पाटा तुटला असेल, यू-बोल्ट सैल असेल, ऊस एका अंगाला सरकला असेल किंवा सपाट जागा मिळतच नसेल, तर जॅकचा नाद सोडून मोळ्या उतरवा. टोळीतले चार जण असतील तर बसलेल्या बाजूच्या वरच्या थरांतून टनभर ऊस अर्ध्या तासात खाली येतो, आणि तेवढ्यानेही ट्रॉलीचे डुलणे बरेच कमी होते. एकाच बाजूचा ऊस उतरवून ट्रॉली दुसरीकडे कलणार नाही, याकडे लक्ष ठेवा. साखळी सोडताना कललेल्या बाजूला कोणी उभे नको.

चाक काढणे आणि बसवणे

टायर आणि डिस्क मिळून वजन सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास असते. ते कवेत उचलायचे नाही. पहारीचे टोक टायरखाली घालून दुसऱ्या टोकावर पाय दिला की चाक हवे तेवढे वर-खाली करता येते. चाक निघालेले असताना हब हाताने फिरवून बघा. खरखर आवाज आला किंवा हब वर-खाली हलला तर बेअरिंगचे काम आले आहे. हबभोवती ग्रीस वितळून ओघळलेले असेल तर तिथे उष्णता झाली होती, आणि कदाचित टायर जाण्याचे कारणही तेच असेल.

बसवण्याआधी डिस्क आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तो भाग तारेच्या ब्रशने घासा. मधे राहिलेला गंज किंवा चिखल दहा-वीस किलोमीटरमध्ये झडतो आणि आवळलेला नट सैल होतो. नट सैल व्हायचे हे नेहमीचे कारण आहे, दोष मात्र पान्याला दिला जातो. नटाची निमुळती बाजू डिस्ककडे. आधी सगळे नट हाताने, मग पान्याने हलके, समोरासमोरच्या क्रमाने. सहा नट असतील तर एक, चार, दोन, पाच, तीन, सहा. पूर्ण जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच. चळत काढण्यासाठी अॅक्सल दोन सेंमी उचलावा लागतो, ठोकळे एकेक करून काढा आणि जॅक हळूहळू सोडा. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर ट्रॉली धाडकन खाली येते आणि पाट्याचे पान तुटू शकते.

जोर किती? ६० सेंमीच्या पाइपच्या टोकाला ५० किलोचा भार दिला की ३० किलोग्राम-मीटर होतात. दीड मीटरच्या पाइपवर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर १०५. स्टड एवढा ताण सोसण्यासाठी केलेला नसतो, तो ताणला जातो आणि पुढच्या हंगामात तुटतो. ट्रॉली किंवा अॅक्सल बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा.

स्टेपनीची हवा बसवण्याआधी मोजा. टायरच्या कडेवर जेवढी लिहिली आहे तेवढी हवा भरल्या ट्रॉलीला लागते. काढलेल्या टायरमध्ये रस्त्याच्या कडेला पुन्हा हवा भरू नका. हवा नसताना चाललेल्या टायरच्या कडेतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरताना ती कड फाटते. तो पंक्चरवाल्याकडे न्या, ट्यूब काढून आतून बघायला सांगा. रिंगच्या चाकात हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळायची, पाइप लांब ठेवायचा आणि रिंगच्या समोर उभे राहायचे नाही.

निघताना उट्या, फळ्या, ठोकळे मोजून पेटीत ठेवा, रस्त्यावरचे दगड आणि खुणा उचला. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. कारखान्याच्या रांगेत उभे राहिल्यावर, काट्यावर जाण्याआधी, आणखी एकदा. रिकामी ट्रॉली परत आणल्यावर नटाभोवती गंजाच्या रेघा उमटलेल्या दिसल्या, तर तो नट हलतो आहे.